परत आलेल्या कवळ्यांची वही

श्री. त्र्यंबकराव काळबांडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मीही काही लिहावे, असे समितीच्या मंडळींनी कळवले. मी तहसील कचेरीत नक्कलनवीस आहे. दुसऱ्याने लिहिलेले जसेच्या तसे उतरवून काढणे हे माझे काम. स्वतःचे असे मी रजेच्या अर्जापलीकडे फारसे लिहिलेले नाही. त्यातून गेल्या वर्षीच्या माघात माझी पत्नी वारली, तेव्हापासून चार माणसांत बसणेही नकोसे होते. तरी समितीला नाही म्हणता आले नाही. पत्नीची कवळी मी त्र्यंबकरावांना परत द्यायची होती आणि ती मी वर्षभर दिली नाही. त्यांनीही ती मागितली नाही. त्यांच्याविषयी मला जे सांगायचे आहे ते सगळे या एका गोष्टीत आहे.

वाशीमच्या बाजाररस्त्यावर त्र्यंबकरावांचे लहानसे दुकान आहे. दवाखाना म्हटलेले त्यांना आवडत नाही. ते दात काढत नाहीत, कवळ्या बनवतात. खेड्यांतली मंडळी त्यांना ‘दातवाले तिंबकराव’ म्हणतात.

आमची ओळख झाली ती स्वराज्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. माझी पत्नी यमुना तेव्हा सदतीस वर्षांची होती. हिरड्यांच्या दुखण्याने दोन वर्षांत तिचे सगळे दात गेले. आधी ती तोंडाला पदर लावून बोलू लागली, मग बोलणेच कमी केले. हळदीकुंकवाची बोलावणी आली तर डोके दुखते म्हणून घरी राही. मी मुळात कमी बोलणारा, घरात बोलणारी ती. ती गप्प झाल्यावर घरात भांड्यांचा तेवढा आवाज उरला. शेवटी मी तिला त्र्यंबकरावांकडे घेऊन गेलो.

तीन-चार फेऱ्यांत मापे झाली. मग ते म्हणाले, “परवा कवळी देतो. येतानी घरची भाकर आना.”

आम्हाला वाटले, हे एकटे राहतात, जेवणाची आबाळ होत असेल. यमुनेने पाच भाकरी, पिठले, वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा असा भरगच्च डबा बांधला. तो उघडून पाहून त्र्यंबकराव म्हणाले, “हे काय? बारसं हाये का कोनाचं? मले चतकोर पुरे होती.”

ती त्यांची रीत होती, हे आम्हाला माहीत नव्हते. कवळी बसवल्यावर माणसाने घरची भाकरी चावून दाखवल्याशिवाय ते त्याला जाऊ देत नसत. “बिस्कीट त कोनीबी खाते,” ते म्हणायचे. “भाकर चावली म्हंजे दात.” या रीतीमुळे तालुक्यातल्या गावोगावच्या भाकरी त्यांनी खाल्ल्या आहेत. केनवडची पातळ, रिठदची जाड, हे ते डोळे मिटून सांगतात. यमुना रिठदची. तिची भाकरी हातात घेताच त्यांनी तिचे माहेर ओळखले होते.

पण कवळी तोंडात घातल्यावर ती काही केल्या तोंड उघडेना. तेव्हा त्र्यंबकरावांनी एक भाकरी मोडली, अर्धी तिला दिली आणि अर्धी स्वतः घेतली.

“खा, वहिनी. माहे बी लावलेलेच हायेत. पाहू, कोनाचे आधी थकते.”

दोघे समोरासमोर बसून भाजीशी भाकरी चावू लागले. काही वेळाने यमुना म्हणाली, “भाजीत मीठ कमी झालं का हो?”

दात आल्यावर ती बोललेले पहिले वाक्य हे.

“मीठ बराबर हाये,” ते म्हणाले. “दोन वर्षं तुमी चावलं नाई. चव विसरल्या तुमी.”

ती हसली. पदर तोंडाकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

त्याच बैठकीत त्यांनी आमच्यापुढे एक गोष्ट मांडली. कवळीचा वरचा भाग त्यांनी नव्या गुलाबी प्लॅस्टिकचा केला होता आणि खालचा जुन्या पद्धतीच्या कडक रबराचा. वरचे दातही नव्या प्लॅस्टिकचे, खालचे चिनी मातीचे. त्यांनी स्वतःसाठीही त्याच आठवड्यात असाच जोड केला होता. म्हणाले, “नवा मसाला दिसाले चांगला हाये, हिरडीसारखा. पन टिकन किती, ते मले माहीत नाई. जे पाह्यलं नाई ते सांगू कसं? तुमची हरकत नसन त वापरून पाहा. पन काम झालं का दोनी मले परत आनून द्यायची. झिजली कुठी, मोडली कुठी, ते मले पाह्यचं हाये.”

“काम कधी होईल?” मी विचारले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. माझ्याआधी यमुनेला कळले. गालात घास तसाच ठेवून ती म्हणाली, “अहो, मी मेल्यावर म्हणून राह्यले ते.”

“तसं नाई, वहिनी,” त्र्यंबकराव गडबडले. “शंभर वर्षं वापरा, मंग आनून द्या. मी वाट पाह्यतो.”

“शंभर वर्षांनी तुमी कुठी असान?”

“अथीच. दुकान सोडून जाऊ कुठी?”

“मग देईन,” ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट दाखवले. “मले नाई जमलं, त हे आनून देतीन.”

असा तो शब्द माझ्यावर आला.

त्र्यंबकराव असा शब्द प्रत्येकाकडून घेत आणि प्रत्येक कवळीची नोंद ठेवत. ती नोंद जुन्या पंचांगांच्या कोऱ्या जागांवर होती आणि अक्षर असे की त्यांचे त्यांनाच लागत नसे. मी म्हटले, मला नकला करण्याची सवय आहे, एका वहीत उतरवून देतो. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी दुकानात जाऊन ती वही लिहू लागलो. गाव, मसाला, दिल्याची तारीख, मोडतोड, परत आल्याची तारीख, शेरा असे तिचे रकाने. नावाचा रकाना मी आखला होता, तो त्यांनी खोडायला लावला. “आपल्याले मसाला तपासाचा हाये, मानूस नाई,” ते म्हणाले.

ती वही वाचली की गेल्या तीस वर्षांत माणसाने दातांसाठी काय काय वापरून पाहिले ते कळते. पहिल्या पानांवर सेल्युलॉइड आहे, कंगवे आणि बाहुल्या ज्याच्या होतात ते. दिसायला सुरेख, पण तोंडाच्या उबेने वाकडे होई, काळे पडे आणि खाण्याला कापराचा वास येई. शिवाय ते पेट घेते. आसेगावच्या एका गृहस्थांनी कवळी मांडीवर काढून ठेवून चिलीम पेटवली होती. त्या ओळीतला शेरा असा: ‘ठिणगी पडली. कवळी गेली. धोतर गेले. गृहस्थ ठीक.’ नंतर बेकेलाइट येते, विजेची बटणे ज्याची असतात ते. ते ताठ, पण सुपारीशी गाठ पडली की तडकणारे, आणि रंगही उडणारे. मग रबर. गंधक घालून लहानशा बॉयलरात शिजवले की ते लाकडासारखे कडक होते. विटेसारखा रंग, जुने झाले की वास धरते, पण मोडायचे नाव घेत नाही.

रबराची एक कवळी रिठदच्या एका शेतकऱ्याने एकवीस वर्षे वापरली. ती परत आली त्या रविवारी मी दुकानात होतो. बापाची तेरवी आटोपून मुलगा आला. फडक्यात बांधलेली कवळी त्याने टेबलावर ठेवली.

“बावानं सांगतलं होतं, वाशीमले नेऊन दे म्हणे. मले पुसलं, नेशीन ना? मी हो म्हटलं.”

त्र्यंबकरावांनी कवळी कपाळाला लावली आणि मगच भिंग घेतले. तासभर पाहून मला फक्त दोन ओळी सांगितल्या. मुलाला मात्र त्यांनी बसवून घेतले, चहा पाजला आणि म्हणाले, “तुह्या बापानं मले लय शिकवलं, बापा.”

सगळेच परत देत नसत. दात माणसाचे, ते माणसाबरोबर जावेत, असे बऱ्याच घरांत मानतात. अशा घरी त्र्यंबकरावांनी कधी दुसऱ्यांदा विचारले नाही. हात जोडून यायचे आणि मला लिहायला सांगायचे, ‘सोबत गेली.’ वहीत असे शेरे बरेच आहेत.

नव्या गुलाबी मसाल्याचा मात्र निकाल लागत नव्हता. तो वापरणारी माणसे अजून धडधाकट होती. अपघाताने बिघडलेल्या तेवढ्या परत येत. केनवडच्या एक सोवळ्याच्या म्हाताऱ्या होत्या. ग्रहण सुटल्यावर घरातली सगळी भांडी त्यांनी उकळत्या पाण्यातून काढली आणि त्यांबरोबर दातही काढले. प्लॅस्टिक वाकले. त्या तणतणत आल्या. “गिरानात घागर बाटली, तवा बाटला, मंग दात नाई बाटले का? मी उकळले त वाकडे झाले! कायचे दात देल्ले तुमी?”

मला हसू आवरेना. त्र्यंबकराव हसले नाहीत. “चूक माही हाये, मावशी,” ते म्हणाले. “मी सांगालेच पाह्यजे होतं. यापुढं थंड्या पान्यात तुळशीचं पान टाका न् त्यात ठेवा. चालते ना देवाले?” म्हातारीने विचार केला आणि म्हणाली, “चालते.” त्यांनी नवी कवळी करून दिली. तेव्हापासून कवळी देताना ते ग्रहणाचे न विसरता सांगतात. शेऱ्यात मी ‘ग्रहण. उकळते पाणी’ असे लिहिले होते. त्यापुढे त्यांनी स्वतःच्या हाताने ‘सांगितले नव्हते’ असे लिहिले.

एकदा मोठ्या शहरातून या मसाल्याचा एक विक्रेता आला. कोट, टाय, कातडी पेटी. त्याला त्र्यंबकरावांच्या सहीचे एक पत्र हवे होते, की हा माल जन्मभर टिकतो. मजकूर तो टाइप करूनच घेऊन आला होता. त्र्यंबकरावांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि त्याला विचारले, “जन्मभर म्हंता, पन कोनाच्या जन्माचं? माह्या पेशंटचे जन्म अजून सरले नाई. सरू बी नाई.” विक्रेत्याने पुष्कळ समजावले. सही झाली नाही. जाताना त्र्यंबकराव त्याला म्हणाले, “माल चांगला हाये तुमचा. पन मले अजून मालूम नाई.” खेड्यातल्या माणसालाही ते हेच सांगत. मालूम नाही असे सांगणारा दुकानदार मी दुसरा पाहिलेला नाही.

नऊ वर्षे यमुनेने ती कवळी वापरली. त्या नऊ वर्षांत ती किती बोलली याला हिशेब नाही. हळदीकुंकवाला गेली, भांडली, देवळात आरत्या म्हटल्या, मला नाही नाही ते बोलली. मग पोटाचे दुखणे आले आणि ती वाळत गेली. हिरड्याही आटल्या. कवळी खडखडू लागली. तिचा भाऊ रिठदहून भेटायला येणार होता आणि त्याच्यासमोर बिनदाताचे तोंड घेऊन बसायला ती तयार नव्हती. मी त्र्यंबकरावांना निरोप दिला. ते स्पिरिटचा दिवा आणि कानसा घेऊन घरीच आले. मागच्या दारी पोत्यावर बसून त्यांनी कवळी आतून भरून घेतली, तासली आणि बसवून दिली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा सैल झाली. पुन्हा आले. तिसऱ्या वेळी यमुना खाटेवरून म्हणाली, “पाह्यलं का, तिंबकराव? तुमची कवळी माह्याहून पक्की निंगाली.”

त्र्यंबकराव कानस पुसत बसले. ती पुसून झाली होती, तरी पुसत राहिले.

भाऊ आला त्या दिवशी यमुना त्याच्याशी दोन तास बोलली. त्यानंतर आठ दिवसांनी ती गेली.

तिला न्यायची तयारी चालली असताना बायकांनी कवळी काढून माझ्या हातात दिली. माझी थोरली बहीण म्हणाली, “दात तिच्यासंग जाऊ दे रे. बिनदाताची किती लाजे ते.” बहिणीचे म्हणणे मला पटत होते. यमुनेने दिलेला शब्दही आठवत होता. बाहेर माणसे खोळंबली होती. मी कवळी सदऱ्याच्या खिशात ठेवली. तिच्यासोबतही पाठवली नाही आणि ठरल्या ठिकाणीही नेली नाही. या गोष्टीने मला पुढे फार त्रास दिला.

या मसाल्याची कवळी कोरडी ठेवू नये, हे वहीमुळे मला माहीत होते. मी ती एका पितळी वाटीत पाण्यात ठेवली आणि रोज सकाळी पाणी बदलू लागलो. तेरवीनंतर त्र्यंबकराव आले. बराच वेळ बसले. जाताना त्यांची नजर कोनाड्यातल्या वाटीकडे गेली.

“पानी रोज बदलता ना?”

“हो.”

“बरं,” ते म्हणाले आणि चपला घालून गेले.

एवढेच. नव्या मसाल्याची, नऊ वर्षे वापरून सरळपणे काम पुरे झालेली पहिली कवळी त्यांच्या समोर तीन हातांवर होती. ज्या उत्तरासाठी त्यांनी सही नाकारली, ते उत्तर त्या वाटीत होते. त्यांनी पाण्याची चौकशी केली. पुढे मी रविवारी दुकानात जाणे सोडले, तेव्हाही त्यांनी बोलावणे पाठवले नाही. अधूनमधून कचेरीच्या फाटकाशी भेटत, प्रकृती विचारत. वहीचा विषय काढत नसत.

समितीचे पत्र आले तेव्हा मला लाज वाटली. ज्यांचा गौरव लिहायचा त्यांची वस्तू मी अडवून बसलो होतो. पुढच्या रविवारी सकाळी वाटी फडक्यात गुंडाळून दुकानात गेलो. आता स्वयंपाक मीच करतो. एक भाकरीही बरोबर घेतली. ती का घेतली, ते मला सांगता येणार नाही.

त्र्यंबकरावांनी कवळी कपाळाला लावली. मग भिंग घेऊन उजेडाला बसले. मी वही उघडली. यमुनेची ओळ होती तशीच होती. शेवटचे दोन रकाने कोरे. त्यानंतरच्या ओळी त्यांनी आपल्या त्या अक्षरात कशाबशा लिहिल्या होत्या, पण या ओळीला हात लावला नव्हता.

“लिहा,” ते म्हणाले. “खालची, रबर. जशीच्या तशी. वरची, मधोमध केसाएवढी चीर सुरू. अजून दोनतीन वर्षांनी मोडली असती. वरचे दात मागं निम्मे झिजले.” त्यांनी दोन्ही भाग एकमेकांवर बसवून पाहिले. “खाली चिनी मातीचे, वर प्लॅस्टिकचे. खालच्यानं वरच्याले खाल्लं. असा जोड कराचाच नव्हता मी. लिहा, चूक बनवनाऱ्याची.”

मी लिहिले.

मग त्यांनी भिंग माझ्याकडे दिले. “हे पाहा बरं. समोरच्या दाताले खाच हाये. बारीक. वहिनी दोरा दातानं तोडत होत्या का?”

“नाही. तुम्ही बजावले होते ना. कात्री वापरते म्हणायची.”

“म्हनत असन,” त्र्यंबकराव म्हणाले. “कात्रीनं दाताले खाच पडत नाई.”

मी भिंगातून पाहिले. खाच होती. नऊ वर्षे ती माझ्यासमोर शिवायला बसायची. मी पेपर वाचत असे आणि ती दोरा दाताने तोडत असे. कात्री कुठे आहे म्हणून मी कधी विचारले नाही आणि तिने दाखवली नाही. मला हसू आले. ती गेल्यावरचे ते पहिले हसू. मग जे आले ते हसू नव्हते. त्र्यंबकराव उठून दिव्याची वात साफ करत उभे राहिले.

थोड्या वेळाने मी बहिणीचे बोलणे त्यांना सांगितले.

“शेवटल्या दिवशी लावले होते का दात?” त्यांनी विचारले.

“सकाळी लावून मागितले होते.”

“मंग त्या बिनदाताच्या गेल्या नाई. बहिनीले तसं सांगा.”

परत आल्याची तारीख मी लिहिली. कचेरीत मी दिवसाला पन्नास वेळा तारीख लिहितो. ही लिहायला वेळ लागला. कवळी त्यांनी कपाटात रिठदच्या त्या शेतकऱ्याच्या कवळीशेजारी ठेवली. वाटी धुऊन मला दिली. मग मी भाकरीचे फडके सोडले. त्यांनी ती मोडून अर्धी मला दिली, एक घास चावला आणि डोळे मिटले.

“रिठदची,” ते म्हणाले. “जाड थापता तुमी. वहिनीसारखी.”

आता त्या दुकानात खेड्यातून कोणी आले आणि नवी कवळी किती टिकेल असे विचारले, तर त्र्यंबकराव सांगतात, “नऊ वर्षं पाह्यली. जोड नीट केला त जास्त. पुढचं मालूम नाई.” या उत्तरामागे त्यांची तीस वर्षे आहेत, आणि आमच्या घरचीही नऊ आहेत, याचे मला समाधान वाटते. दर रविवारी मी पुन्हा वही लिहायला जातो.

त्या वहीत यमुनेच्या वरची ओळ त्र्यंबकरावांची आहे. गाव वाशीम, वर गुलाबी, खाली रबर, तारीख त्याच आठवड्यातली. मोडतोडीच्या रकान्यात ‘नाही’ असे आहे. त्यापुढचा, परत आल्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे. नक्कलनवीसाच्या नोकरीत मी कधी कोरा रकाना सोडलेला नाही, वरिष्ठ रागावतात. हा एक मात्र माझ्या हाताने भरला जाऊ नये, माझ्या मागून जो कोणी ती वही लिहील त्याच्याही हाताने फार फार वर्षे भरला जाऊ नये, एवढेच ईश्वराजवळ मागतो. त्र्यंबकरावांना उत्तम प्रकृती लाभो आणि गावोगावची भाकरी त्यांना चावता येवो. शंभर वर्षे वाट पाहतो, दुकान सोडून जाणार नाही, असे त्यांनी माझ्या पत्नीला सांगितले होते. तिने आपला शब्द पाळला. आता त्यांनी त्यांचा पाळावा.